अंतराळात कारखाना टाकायचा, पण थरथरीचं काय?

बोईसर-तारापूर एमआयडीसीतल्या शेडमध्ये क्रेनला टांगलेला लोखंडी माल पाहिलाय? क्रेन झटक्यात थांबवली की माल झोके घेतो. मुरलेला ऑपरेटर वेग टप्प्याटप्प्यानं कमी करतो आणि माल शांत थांबतो.

हाच प्रश्न आता अंतराळात आहे. रॉकेटमध्ये न मावणारे लांबलचक सांगाडे कक्षेतच तयार करायची कल्पना आहे. पण तिथे हवा नाही, पायाखाली जमीन नाही. सुरू झालेली थरथर लवकर विरत नाही. १९९० मध्ये सोडलेल्या हबल दुर्बिणीचे सौर पंख ऊन-सावली बदलली की थरथरायचे. १९९३ मध्ये ते बदलावे लागले.

बांधकाम चालू असताना अडचण आणखी वाढते. सांगाडा लांबतो तशी थरथर संथ होते, म्हणून सकाळचं गणित संध्याकाळी चुकतं. उपाय? रोबोटचा हात त्या ऑपरेटरसारखा बेतानं हलवायचा आणि सेन्सरच्या मदतीनं गणित सतत सुधारायचं.

आपला संबंध काय? इस्रोनं १६ जानेवारी २०२५ ला दोन उपग्रह कक्षेत जोडले. २०३५ पर्यंत भारताचं अंतराळ स्थानक उभारायचं उद्दिष्ट आहे, तेही एकेक भाग जोडूनच. प्रत्येक नव्या भागानंतर थरथरीचं गणित पुन्हा मांडावं लागेल.