सायकल मिळणे आणि सायकल आपली होणे

निवासी शाळेतील विद्यार्थ्याला सायकल कशाला हवी, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. वसतिगृह, भोजनगृह आणि वर्ग एकाच आवारात असताना तो वरवर रास्तही वाटतो. परंतु शाळेचे आवार म्हणजे विद्यार्थ्याचे संपूर्ण आयुष्य नव्हे. दहावीचा निकाल लागतो, पेटी आणि वळकटी घेऊन मुले आपापल्या वाडीवर परततात, आणि तेथून कनिष्ठ महाविद्यालयापर्यंतचे पाच-सात किलोमीटर हीच त्यांच्या पुढील शिक्षणातील पहिली कठीण परीक्षा ठरते. या परीक्षेचे गुण कोणत्याही गुणपत्रिकेवर छापले जात नाहीत. तिच्यात मागे राहिलेली मुले-मुली मात्र आपण सर्वांनी पाहिली आहेत.

अलिबाग परिसरात हमरस्त्यावर एस. टी. मिळते, विक्रम आणि मिनीडोअरही मिळतात. अडचण असते ती हमरस्त्यापर्यंत पोहोचण्याची. खाडीच्या बांधालगतच्या किंवा डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीतून बाहेर पडायचे, मग वाहन भरेपर्यंत थांबायचे, आणि परतीची गाडी चुकली तर अंधार पडण्याची धास्ती घ्यायची, हा अनेकांचा नित्यक्रम आहे. ऑक्टोबर २०२१च्या अखेरीस सुरू झालेला एस. टी. कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२पर्यंत लांबला. संपकऱ्यांच्या मागण्यांचा विचार हा या लेखाचा विषय नाही. त्या महिन्यांनी दाखवून दिले ते एवढेच, की ज्याच्या घरी चालती सायकल होती, तो निदान कोणाची वाट न पाहता वर्गापर्यंत पोहोचू शकत होता. यातील ‘चालती’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कारण सायकल पुष्कळ घरांत असते. ती पडवीच्या मागे भिंतीला टेकलेली असते, तिच्या टायरमध्ये हवा नसते आणि चेन गंजून आखडलेली असते. आपल्याकडे उणीव सायकलींची नाही, चालत्या सायकलींची आहे, आणि ही उणीव नव्या सायकली वाटून भरून निघणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतिहासाकडे पाहिले तर या साध्या यंत्राने किती मजल मारली आहे ते ध्यानात येते. १८१७ साली जर्मनीतील कार्ल ड्राइस यांनी पायांनी जमिनीला रेटा देऊन चालवायचे दुचाकी वाहन तयार केले. १८८५ मध्ये इंग्लंडच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी जवळपास सारख्या आकाराच्या दोन चाकांची, चेनने मागचे चाक फिरवणारी सायकल आणली. आजच्या सायकलीचा सांगाडा तोच आहे. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्याच १८८८ सालाशी मराठी उद्योगाचेही नाते आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगाची सुरुवात बेळगावातील सायकलच्या दुकानापासून झाली, आणि तो प्रवास पुढे लोखंडी नांगरापर्यंत गेला. सायकल उघडून पाहणारा माणूस केवळ सायकलपाशी थांबत नाही, याचे याहून बोलके उदाहरण आपल्या भाषेत क्वचितच सापडेल.

सायकलीचा सामाजिक इतिहासही विसरता येत नाही. या देशातील काही गावांत विशिष्ट आळीतून जाताना दलितांना सायकलवरून उतरून ती हाताने ढकलत न्यावी लागे. सीटवर बसणे हीच जेथे आगळीक मानली गेली, तेथे सायकलवर बसून सरळ रस्त्याने जाणे ही साधी गोष्ट नव्हती. तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या आरंभी साक्षरता अभियानाने स्त्रियांना अक्षरांबरोबर सायकलही शिकवली, आणि हजारो ग्रामीण स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. बिहारमध्ये २००६ पासून नववीतील मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यात आले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासानुसार त्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींच्या प्रवेशात ३२ टक्के वाढ झाली, आणि शाळा दूर असलेल्या गावांत हा परिणाम अधिक दिसला. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमाद्वारे निवडक तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य मिळते. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु साहाय्य खरेदीपाशी संपते, आणि सायकलीचे खरे आयुष्य तर खरेदीनंतर सुरू होते.

प्रथम निवडीचा विचार करू. अलीकडे मुलांचा ओढा जाड टायर, पुढे-मागे स्प्रिंग आणि एकवीस गिअर असलेल्या सायकलीकडे असतो. २०२० पासून भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो सेवा सुरू झाल्यावर सुट्टीच्या दिवशी मुंबईचे सायकलस्वारही आपल्या रस्त्यांवर दिसू लागले. त्यांच्याकडील ‘ग्रॅव्हल’ म्हणवल्या जाणाऱ्या महागड्या सायकली डांबर, खडी आणि मुरूम अशा सर्व रस्त्यांवर चालाव्यात, म्हणून बनवलेल्या असतात. त्यांचे टायर साधारण ४० मिलिमीटर रुंद असतात. गंमत अशी, की आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलीवर ‘२८ गुणिले दीड’ असे छापलेले जे टायर असत, त्यांची रुंदीही ४० मिलिमीटरच भरते. खडीच्या रस्त्यावर चालणारी, मागे कॅरिअर, पूर्ण मडगार्ड आणि चेन झाकणारे कव्हर असलेली सर्वकामी सायकल आपल्या गावात पूर्वीपासून होती. दूधवाला, पोस्टमन आणि मास्तर तिच्यावरूनच हिंडले. मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंतचा किनारपट्टीचा रस्ता बहुतांशी सपाट आहे. तेव्हा स्वस्त स्प्रिंग आणि अनेक गिअर यांचा मोह टाळून साधा फोर्क, मध्यम रुंदीचे टायर, मडगार्ड, कॅरिअर आणि गावातल्या दुकानात सुटे भाग मिळतील अशी रचना निवडावी. ज्या भागाला पर्यायी भाग जवळ मिळत नाही, तो भाग कितीही आधुनिक असला तरी एके दिवशी सायकल बंद पाडतो.

आता आपल्या किनाऱ्याचा खास शत्रू, म्हणजे खारा वारा. अलिबागची भूचुंबकीय वेधशाळा १९०४ साली सुरू झाली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय मोजमापांचे काम कुलाब्याहून येथे हलवावे लागले, आणि मोजमापांत बाधा येऊ नये म्हणून तिच्या इमारतीत लोखंड कटाक्षाने टाळले गेले. आपल्याला सायकलीच्या बाबतीत तशी सोय नाही. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते, खारट ओल गंजण्याची क्रिया वेगाने चालू ठेवते, आणि त्यात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. म्हणून येथील सायकलीला पुण्या-नाशिकच्या सायकलीपेक्षा अधिक निगा लागते. समुद्रावर ओहोटीच्या वाळूत सायकल घालणे टाळावेच; वाळू छऱ्यांत शिरली की चाकाचे कोन आणि कप खाऊन टाकते. खाडीच्या बांधावरून किंवा पुळणीवरून फिरून आल्यास सायकल गोड्या पाण्याने हळुवार धुऊन कोरड्या फडक्याने पुसावी. पाण्याचा जोरदार फवारा चाकाच्या मध्यभागी मारू नये. त्याने ग्रीस बाहेर आणि पाणी आत जाते. सीटची नळी अ‍ॅल्युमिनियमची आणि सांगाडा लोखंडाचा असेल, तर ती वर्षातून दोनदा काढून ग्रीस लावून परत बसवावी. अन्यथा खाऱ्या हवेत दोन्ही धातू एकमेकांना असे चिकटतात, की सीट वर-खाली करणे अशक्य होते. आठवीतली मुलगी अकरावीत जाते तेव्हा तिची उंची वाढलेली असते, आणि अडकलेल्या सीटमुळे चांगली सायकल निरुपयोगी ठरते.

चेनची निगा ही सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. गॅरेजमधले काळे ऑइल चेनवर ओतणे ही निगा नव्हे. त्यातली घाण आणि वरून बसणारी धूळ मिळून चेन झिजवणारे उटणेच तयार होते. आधी फडक्याने चेन पुसावी, मग प्रत्येक कडीवर स्वच्छ तेलाचा एकेक थेंब सोडावा, पॅडल उलटे फिरवून तेल मुरू द्यावे आणि वरचे तेल पुसून टाकावे. तेलाचे काम कडीच्या आत असते. चेन किती झिजली, हे पाहण्यासाठी महागडे साधन लागत नाही. बारा इंचांची फूटपट्टी पुरते. चेनच्या दोन पिनांमधले अंतर बरोबर अर्धा इंच असते, म्हणून नव्या चेनमध्ये चोवीस कड्या म्हणजे बरोबर बारा इंच. हेच अंतर इंचाच्या सोळाव्या भागाने वाढलेले दिसले, की चेन बदलावी. नाहीतर ती दात्यांनाही झिजवते आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. गणिताच्या शिक्षकांना मोजमापाचा याहून चांगला पाठ शोधावा लागणार नाही.

टायरच्या कडेवर हवेचा कमाल दाब छापलेला असतो. तो कमाल असतो, रोजचा नव्हे. चाळीस मिलिमीटरच्या टायरमध्ये पन्नास किलो वजनाच्या विद्यार्थ्याला चाळीस पौंडांच्या आसपास हवा पुरते. खडीच्या रस्त्यावर थोडी कमी चालेल, मात्र इतकी कमी नको की खड्ड्यात रिंग ट्यूबला चावेल. पंक्चर काढताना ट्यूब घासावी, सोल्यूशन लावावे आणि ते हाताला चिकटेनासे होईपर्यंत धीर धरावा. बहुतेक पॅच सुटतात ते या दोन मिनिटांच्या घाईमुळे. पावसाळ्यात ब्रेकच्या रबरात रुतलेली बारीक खडी टोकदार वस्तूने काढावी, नाहीतर ती रिंग खरवडते. पॅडल सोडवताना डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, हे लक्षात ठेवावे. अंधारात मागे लाल दिवा किंवा निदान परावर्तक हवाच. सुट्टीच्या दिवशी आपल्या अरुंद रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारींचा वेग सर्वांना ठाऊक आहे.

गावोगाव लोक सायकल ‘ओव्हरऑइल’ करायला देतात. मूळ शब्द ‘ओव्हरहॉल’. पण लोकांनी त्याला दिलेले रूप पाहता तेल घातले की सगळे झाले, असा समज त्यात डोकावतो. प्रत्यक्षात सर्व छरे काढून, धुऊन, नवे ग्रीस भरून, कोन नेमके आवळून, चाकाचा आउट काढणे हे जाणकाराचे काम आहे, आणि त्याचे योग्य मोल कारागिराला मिळालेच पाहिजे. रोजची निगा आपली आणि वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, कारागिराकडे, अशी विभागणी असावी.

यावर एक आक्षेप येतो. आमच्या मुलांनी शिकून अधिकारी व्हायचे, की पाने-पकडी घेऊन हात काळे करायचे? या आक्षेपामागील वेदना मी जाणतो. ज्यांच्यावर पिढ्यान् पिढ्या हातांची कामे लादली गेली, त्या पालकांना मुलांच्या हाती लेखणीच दिसावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु लादलेले काम आणि आपल्या वस्तूसाठी समजून केलेले काम यांत मूलभूत भेद आहे. हात काळे करणाऱ्याला हलके लेखणे ही ज्या व्यवस्थेची शिकवण होती, तिची री आपण ओढण्याचे कारण नाही. शिवाय जो विद्यार्थी चाकाचा बिघाड शोधून दूर करतो, तो कारण आणि परिणाम यांची साखळी पुस्तकाबाहेर तपासत असतो. प्रयोगशाळेत आपण याहून वेगळे काय शिकवतो?

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने तीन सूचना मांडतो. पहिली दात्यांसाठी. आपण दहा सायकली देण्याचे योजले असेल, तर आठ द्या, आणि उरलेल्या रकमेतून पंप, पाने, टायर काढण्याच्या पट्ट्या, पंक्चरचे साहित्य, ट्यूब आणि चेन द्या. आठ चालत्या सायकली दहा बंद सायकलींपेक्षा अधिक मुलांना पोहोचवतात. दुसरी शाळेसाठी. वसतिगृहातील सायकल ‘सर्वांची’ असली की ती कोणाचीच राहत नाही. प्रत्येक सायकल दोन विद्यार्थ्यांच्या नावे करावी, वहीत तिची नोंद ठेवावी, आणि आठवी-नववीला आठवड्यातून एक तास निगेसाठी राखावा. त्यात मुलींचा वाटा अर्धा असावा. पंक्चर काढणे हे मुलांचे काम, हा समज येथेच मोडायला हवा. तिसरी माजी विद्यार्थ्यांसाठी. आपल्यापैकी जे यंत्रांच्या कामात आहेत, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर एक दिवस शाळेत यावे आणि वर्षाच्या ‘ओव्हरहॉल’ला मुलांच्या शेजारी बसावे.

दहावी उत्तीर्ण होऊन शाळा सोडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रमाणपत्राबरोबर सायकल देणे कदाचित आपल्याला परवडणार नाही. मात्र घरी भिंतीला टेकून उभी असलेली जुनी सायकल पुन्हा रस्त्यावर आणण्याइतके ज्ञान प्रत्येकाला देणे निश्चितच परवडते. येत्या जूनपासून त्याची सुरुवात व्हावी.