हक्क गावच्या शाळेतच

चंद्रपूर जिल्ह्यात पोंभुर्ण्याकडच्या एखाद्या खेड्यातल्या मुलाला ऐकू येत नसेल, तर ‘वरोऱ्याला आनंदवनात घाला’ हा सल्ला सहज दिला जातो. तिथल्या अंध आणि मूकबधिर विद्यालयांचे काम मोठेच आहे. पण विशेष शाळा ही पालकांनी निवडायची, गावच्या शाळेला हात झटकायची सबब म्हणून नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ३१ किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क देते. कलम १६ मात्र समावेशक शिक्षणाला टक्केवारीची अट घालत नाही. याच कायद्याच्या दिव्यांगत्वांच्या यादीत सिकलसेल आजारही आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीला तो चांगला ठाऊक आहे. सिकलसेल असलेल्या मुलाला हवी असते बाकावर पाण्याची बाटली, लघवीला जायची मोकळीक आणि दुखण्यात बुडालेला धडा पुन्हा शिकवणारे कुणीतरी. त्यासाठी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची वाट कशाला पाहायची?

एकट्या गुरुजींनी किती ओढायचे, हा आक्षेप दोनशिक्षकी शाळेत अगदी रास्त. पण त्याचे उत्तर पदे भरण्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा आणि पुढच्या वर्गांना पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण सांगितले. जंगलातल्या विखुरलेल्या गावांत एका शाळेत दहा मुले कुठून जमणार? म्हणून पद केंद्रशाळेला द्यावे आणि त्या शिक्षकाच्या फेरीचा वार प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहावा. पालकांनीही तोंडी विनंतीवर न थांबता मुलाला लागणाऱ्या सोयींसाठी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यावा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी.