दुखणें पायाचें, मूळ कंबरेचें

विठ्ठलराव दातारांनीं १९०४ सालीं इचलकरंजीस पहिला यंत्रमाग बसविला. तेव्हांपासून तासन्‌तास मागापाशीं उभें राहणें, वांकणें, सुताचे जड बीम उचलणें हा या गांवचा नित्यक्रम झाला. अशा श्रमांत कंबरेंतून निघून मांडीच्या मागल्या अंगानें घोट्यापर्यंत कळ उतरली तर नवल नाहीं. चरकसंहितेंत हिलाच गृध्रसी म्हटलें आहे.

पाय दुखतो म्हणून पायच चोळीत बसणें मात्र व्यर्थ होय. मणक्यांमधील गादी सरकून नाडीच्या मुळावर दाब पडला कीं कळ पायांत उमटते. मिक्स्टर व बार या अमेरिकन शस्त्रवैद्यांनीं १९३४ सालीं हें दाखवून दिलें.

वडील मंडळी मायेनें रोग्यास महिनाभर निजवून ठेवितात. तें अनाठायीं आहे. एकदोन दिवसांच्या विसाव्यानंतर सोसेल तितकें चालावें, शेक घ्यावा, वांकून ओझें उचलूं नये. बहुतेकांस सहा ते बारा आठवड्यांत उतार पडतो. (घरची सून मात्र कळ सोशीत पाण्याची घागर उचलीतच असते, तिला विसावा घे म्हणणारें कोणी नसतें!)

परंतु लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळें पडूं लागलें, तर शेकत बसूं नये. त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. विलंबानें आलेलें अधूपण पुढें शस्त्रक्रियेनेंहि पुरतें भरून येत नाहीं.