चोर सोडून गव्हाला फाशी

जबलपूरच्या कांचघरात कुणाला जुनाट कोलायटिस आहे एवढं कळायचा अवकाश, सल्ले देणाऱ्यांची रीघ लागते. त्यातला सध्याचा सर्वांत जोरकस सल्ला एकच: ‘भैया, गेहूँ छोड़ दो.’ घमापूर-लालमाटीच्या या पट्ट्यात रुळलेली आम्ही मराठी माणसं तोच सल्ला घरी मराठीत आणतो. पोळी बंद करा, ग्लुटेन बंद करा, सहा महिन्यांत गोळ्या सुटतील.

या मताचं खंडन करायचं तर आधी ते त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडलं पाहिजे. त्याची कलमं चार. एक, आतड्याच्या सुजेचं मूळ ग्लुटेनमध्ये आहे. दोन, गहू सोडून बरं वाटलेली माणसं प्रत्यक्ष दिसतात. तीन, आजचा गहू आजोबांच्या वेळचा राहिलेला नाही. चार, दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थेनेही कोलायटिसच्या रुग्णांना ग्लुटेन टाळायला सांगितलं आहे. यातलं एकही कलम हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पण चारही एकत्र केली तरी ‘म्हणून गोळ्या सोडा’ हा निष्कर्ष त्यांतून निघत नाही, आणि माझं भांडण त्या निष्कर्षाशी आहे.

पहिलं कलम घेऊ. कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याची सूज. तिची कारणं अनेक. अमिबामुळे येणारी सूज वेगळी, क्षयाची वेगळी आणि वर्षानुवर्षं पाठ न सोडणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस वेगळा. या शेवटच्या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणाच मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उलटते. सूज गुदाशयापासून सुरू होते आणि वर सरकते. रक्त पडतं, शेम पडते, मुरडा येतो, दिवसातून दहा वेळा धावावं लागतं. ग्लुटेनमुळे होणारा आजार आहे सीलिअ‍ॅक, आणि त्याचं घर लहान आतड्यात. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेनमुळे तिथल्या अस्तराचे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यातल्या भीषण धान्यटंचाईने तो बळावला आणि १९५०च्या प्रबंधात त्याने तो मांडला. सीलिअ‍ॅकमध्ये ग्लुटेन आजन्म सोडणं हाच उपचार आहे. त्या आजाराचं औषध उचलून दुसऱ्या आजाराला लावायचं, ही या साऱ्या गोंधळाची सुरुवात.

प्रतिपक्षाच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. गहू खाणाऱ्या मुलखात सीलिअ‍ॅक दुर्मीळ नाही. भारतातल्या प्रौढांच्या एका मोठ्या पाहणीत तो उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत आढळला. पंजाबातल्या पाहणीत अल्सरेटिव्ह कोलायटिसचं प्रमाण लाखात सुमारे ४४ निघालं होतं. म्हणजे उत्तरेत सीलिअ‍ॅकच कितीतरी जास्त. शिवाय अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स हा आतड्याच्या दाहाचाच दुसरा आजार असलेल्यांत सीलिअ‍ॅकची शक्यता इतरांपेक्षा सुमारे चौपट असल्याचं दिसलं आहे, आणि मायक्रोस्कोपिक कोलायटिस या प्रकाराचं तर सीलिअ‍ॅकशी चांगलंच सख्य आहे. तेव्हा संशय रास्त. पण संशय रास्त असला की तपासणी करायची असते. रक्तातली टीटीजी प्रतिद्रव्यं तपासायची, गरज पडली तर दुर्बिणीने लहान आतड्याचा तुकडा घ्यायचा. आणि हे गहू खात असतानाच करायचं. आधी पोळी सोडली की प्रतिद्रव्यं ओसरतात, तपासणी खोटा दिलासा देते आणि खरं काय ते कळण्यासाठी पुन्हा काही आठवडे गहू खावा लागतो. ‘आधी सोडून तर बघा’ हा सल्ला नेमका इथे नडतो.

दुसरं कलम अनुभवाचं, आणि अनुभवाशी वाद घालणं अवघड. अमेरिकेत आतड्याच्या जुनाट सुजेच्या १,६४७ रुग्णांना विचारलं, तेव्हा सुमारे १९ टक्क्यांनी ग्लुटेनमुक्त आहार करून पाहिला होता आणि त्यांतल्या जवळपास दोनतृतीयांश लोकांनी पोटाच्या तक्रारी कमी झाल्याचं सांगितलं. पाहणी २०१४ची. गहूविरोधकांचा हा हुकमी आकडा. पण पुढे स्वित्झर्लंडमधल्या रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा ग्लुटेन सोडलेल्यांत आणि न सोडलेल्यांत आजाराच्या तीव्रतेत वा गुंतागुंतीत फरक आढळला नाही. मनःस्वास्थ्य मात्र सोडलेल्यांचं कमी भरलं. मग बरं वाटलं ते खोटं का? मुळीच नाही. बरं वाटणं आणि सूज उतरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच.

गव्हात ग्लुटेनखेरीज फ्रुक्टान नावाची साखळीदार शर्कराही असते. ती लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात आंबते. वायू धरतो, पोट फुगतं, मुरडा येतो. ग्लुटेन सोसत नाही अशी स्वतःचीच खात्री असलेल्या ५९ जणांना नॉर्वेत कळू न देता कधी ग्लुटेन, कधी फ्रुक्टान दिलं. त्रास फ्रुक्टानने जास्त झाला. कांदा-लसणातही फ्रुक्टान असतं, आणि शहपुरा-पाटणचा जो मटार हिवाळ्यात आपल्या प्रत्येक भाजीत पडतो त्यातही याच जातीच्या न पचणाऱ्या शर्करा असतात. लंडनमध्ये सूज शांत असलेल्या ५२ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना चार आठवडे अशा शर्करा कमी करायला सांगितल्या, तेव्हा त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांच्या तक्रारी निवळल्या, पण सुजेच्या मोजमापात फरक पडला नाही. पोळीबरोबर गेलेल्या बाकीच्या गोष्टींचाही हिशेब धरा. गहू सोडणारा माणूस समोसा, कचोरी, टोस्ट, खारी, बिस्किटं सगळंच सोडतो. आराम पडतो, आणि श्रेय गव्हाच्या गैरहजेरीला जातं.

त्यात हा आजार स्वभावानेच भरती-ओहोटीचा. औषधांच्या चाचण्यांत नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकीही सुमारे एकतृतीयांशांना उतार पडलेला दिसतो. ओहोटी लागायला आणि पोळी सुटायला एकच गाठ पडली, तर ते कावळा बसायला आणि फांदी मोडायला.

तिसरं कलम, ‘आजचा गहू बिघडलेला’. जबलपूरकराच्या तोंडी हे विशेष चमत्कारिक वाटतं. इथली हवेली पद्धत कोण विसरेल? पावसाळाभर बांधबंदिस्तीच्या शेतात पाणी कोंडायचं, पावसाळा सरला की सोडून द्यायचं आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू घ्यायचा. १८७० साली मुंबई आणि कलकत्त्याकडून आलेले लोहमार्ग जबलपुरात जुळले, त्यानंतर नर्मदाखोऱ्यातला गहू परदेशी जाऊ लागला. गहू इथे काल आलेला नाही. १९६०च्या दशकात बुटक्या, भरघोस उत्पन्नाच्या जाती आल्या हे खरं. पण गव्हातलं ग्लुटेन गेल्या शतकात वाढल्याचा पुरावा अमेरिकी कृषी खात्याच्या डोनाल्ड कासार्डा यांना तिथल्या नोंदींत सापडला नाही. आणि ‘जुना’ म्हणून आपली मराठी मंडळी नातेवाइकांकडून मुद्दाम मागवतात तो खपली गहू? त्यातही ग्लुटेन असतं. सीलिअ‍ॅकचा रुग्ण खपलीची पोळी खात असेल, तर तो गहूच खातो आहे.

चौथं कलम सर्वांत वजनदार. एम्सचा अभ्यास २०२२मध्ये ‘गट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. सौम्य ते मध्यम अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांना निरोगी दात्यांच्या विष्ठेतले जिवाणू आतड्यात सोडण्याचा उपचार दिला आणि सोबत दाह कमी करणारा आहार. त्या आहारात ग्लुटेनची धान्यं, दूधदुभतं, प्रक्रिया केलेलं आणि तांबडं मांस, पदार्थांतली रासायनिक भर, साखर हे सारं वर्ज्य. फळं, भाज्या, आंबवलेले पदार्थ वाढवलेले. आठ आठवड्यांनी या गटातले ६० टक्के रुग्ण उताराला लागले, नेहमीच्या उपचारांच्या गटातले ३२ टक्के. निकाल आशादायक आहे, यात वाद नाही. पण त्यात जिवाणूंचं रोपण होतं, डझनभर पथ्यं एकदम होती आणि रुग्णांची आधीची औषधं चालूच होती. यशाचा वाटा एकट्या गव्हाच्या गैरहजेरीचा, असं त्यातून कुणी सिद्ध करू शकत नाही. औषध सोडून हे साधतं, असं तर अजिबातच नाही. आतड्याच्या दाहाच्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना २०२०च्या आहारविषयक शिफारशींत गहू-ग्लुटेन टाळायला सांगण्याइतका पुरावा नाही, असंच म्हणते.

एकदा तपासणी झाली की पोळी सोडल्याने फार काही बिघडत नाही. गोळी सोडल्याने बिघडतं. मेसालामिन हे या आजाराचं नेहमीचं औषध नियमित न घेणाऱ्यांत आजार उलटण्याचा धोका नियमित घेणाऱ्यांच्या पाचपटीहून जास्त, असं २००३च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. आत धुमसणारी सूज वर्षानुवर्षं राहिली तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची भीती वाढते. म्हणूनच आजाराला आठ वर्षं झाली की ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी करायला सांगतात. मुरडा थांबला म्हणून ही तपासणी टाळणारा माणूस स्वतःचीच फसवणूक करतो.

आता मंडन. माझ्या मते क्रम असा असावा.

आधी निदान. ‘आव पडते’ म्हणून वर्षभर अमिबाच्या गोळ्या खात बसू नका. रक्त पडत असेल तर मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात किंवा पोटविकारतज्ज्ञाकडे जाऊन अमिबा आणि क्षय वगळून घ्या. अमिबाचा संसर्ग असताना स्टेरॉइड सुरू झालं तर जिवावर बेतू शकतं. त्याच फेरीत सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी उरकून घ्या.

मग औषध. मेसालामिन असो, स्टेरॉइड असो की त्यापुढचं काही, कमीजास्त करायचं ते डॉक्टरांना सांगूनच. गुडघा दुखला म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन वा डायक्लोफिनॅक घेऊ नका. अशा वेदनाशामकांनी आजार भडकू शकतो.

मग ताट. आजार भडकलेला असताना मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेला बटाटा, केळं. कोंडा, कच्ची कोशिंबीर, मटार तेवढे दिवस बाजूला. उतार पडला की भाज्या, डाळी, फळं हळूहळू परत आणा. भीतीपोटी जन्मभर वरणभातावर राहिलात तर रक्त आणि हाडं त्याची किंमत मोजतील. लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व तपासत राहा. सल्फासॅलाझिन चालू असेल तर फॉलिक आम्लाचंही विचारा. दूध सोसत नसेल तर दही-ताक पाहा. ज्वारी, नाचणी, डिंडोरीकडची कोदो-कुटकी जरूर खा. चवीला चांगली, आपल्या मुलखाची. पण ‘ग्लुटेनमुक्त म्हणजे निर्धोक’ या भ्रमात राहू नका. ऑक्टोबर २०२४मध्ये बांधवगडात दहा हत्ती दगावले, तेव्हा तपासणीत कोदोवर वाढणाऱ्या बुरशीचं विष आढळलं होतं. कोदो घ्यायचा तो कोरडा, नीट साठवलेला.

मग दिनचर्या. इथल्या अनेकांची कारखान्याची किंवा रेल्वेची ड्यूटी पाळ्यांची. रात्रपाळीत झोप मोडते, जेवणाच्या वेळा हुकतात, आणि अपुरी झोप व ताण यांचं आजार उलटण्याशी नातं दिसलेलं आहे. पाळी बदलून मागण्यात, जवळ स्वच्छतागृह असलेली जागा मागण्यात लाज कसली? घरच्यांनी ‘पोटाचं काय एवढं’ म्हणणं सोडावं, हाही जीवनशैलीतला बदलच. फक्त तो रुग्णाने नव्हे, इतरांनी करायचा आहे.

तपासणीत सीलिअ‍ॅक निघाला, तर मात्र गहू अर्धवट सोडू नका. तेव्हा ज्या चक्कीवर दिवसभर गहू दळला जातो तिथलं ज्वारीचं पीठही चालणार नाही. डबीतल्या हिंगात गव्हाचं पीठ असू शकतं. शेवया, रवा, सांजा, दलिया, जवाच्या माल्टची पेयं सगळी बाद. पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असावं, हा आपल्याकडचा नियमच आहे.

सीलिअ‍ॅक नाही, तरीही गहू सोडून पाहायचा आहे? पाहा, मी आड येत नाही. औषध चालू ठेवा, डॉक्टरांना सांगा, सुरुवातीला विष्ठेतलं कॅलप्रोटेक्टिन मोजून घ्या. आतड्यातली सूज त्यावरून कळते. सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा मोजा. पोट हलकं वाटत असेल पण आकडा जागचा हलला नसेल, तर फायदा वायूचा झाला, आजाराचा नाही; औषधाचं डॉक्टरांशी नव्याने बोला. आणि पोटही तसंच, आकडाही तसाच असेल, तर गव्हाची पोळी त्याच दिवशी ताटात परत घ्या.