तेल कोणते? इंजिनाला विचारा!

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल चोळताना ‘तिळाचे बरे की खोबऱ्याचे?’ हा वाद आमच्या घरी ठरलेला. मोटारवाल्यांच्या बैठकीत तोच वाद जरा महाग होतो. स्पोर्ट्‌स मोटारीला साधे खनिज तेल घालावे की सिंथेटिक?

सिंथेटिकचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. खनिज तेल क्रूड शुद्ध करून काढतात. त्यात लहानमोठे रेणू आणि थोडे मेण राहतेच. थंडीत ते दाटते, फार तापले की काजळी धरते. सिंथेटिकचे रेणू कारखान्यात जुळवलेले, बरेचसे एकसारखे. म्हणून ते गारठ्यात चटकन वाहते आणि उष्णतेत जास्त टिकते. अमेरिकेच्या कॉर्व्हेटमध्ये १९९२ सालापासून कारखान्यातूनच सिंथेटिक भरून येऊ लागले. टर्बो असलेल्या मोटारीला तर त्याचीच शिफारस करावी.

मग सर्वांत महाग डबा आणून निश्चिंत व्हावे? सबूर! इंग्लंडातील ॲबिंग्डनची एम.जी.बी. घ्या. १९६२ साली निघालेल्या या मोटारीत कॅमवर सपाट टॅपेट घासत असतात. त्या घासणीला तेलातल्या जस्त-फॉस्फरसच्या संयुगाचे पातळ पूट वाचवते. पण हेच फॉस्फरस नव्या मोटारींच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधते. सबब त्यांच्या पातळ तेलात ते ०.०८ टक्क्याच्या आसपास आवरले आहे. कॉर्व्हेटच्या कॅमवर रोलर फिरतात, त्यांना तेवढे पुरते. एम.जी.बी.चा कॅम मात्र अशा तेलाने झिजण्याची भीती. आणि कॅम बदलायचा म्हणजे इंजिन उघडणे आले!

तेव्हा वाचकहो, क्रम असा ठेवा. आधी मोटारीच्या पुस्तकातला दाटपणाचा अंक पाहा, जुन्या एम.जी.बी.ला बहुधा २०डब्ल्यू-५० घालतात. मग डब्यावरचा दर्जा वाचा आणि सपाट टॅपेट असतील तर जस्त पुरेसे आहे ना, याची खात्री करा. खनिज की सिंथेटिक, हा प्रश्न त्यानंतरचा. आणि कोणतेही घाला, वेळेवर बदला. काळे झालेले महाग तेल ताज्या स्वस्त तेलाची बरोबरी करीत नाही.

घरातल्या आजोबांना फराळाचे ताट वाढण्यापूर्वी आपण पथ्य विचारतोच ना? जुन्या मोटारीलाही तेवढेच विचारावे.