जुंपण्याआधी रुळणे

जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात गोऱ्हा एकदम जड औताला जुंपत नसत. आधी जाणत्या बैलाच्या जोडीने, हलक्या कामावर त्याला वळण लावले जाई. नव्या ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र हे शहाणपण आपण विसरलो आहोत, असे मला वाटते. पूजेचा हार सुकण्याआधीच तो कांद्याने शिगोशीग भरलेली ट्रॉली ओढू लागतो.

नव्या इंजिनाच्या सिलिंडरची भिंत गुळगुळीत भासली, तरी तिच्यावर बारीक चरे असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासत घासतच बसतात. या घर्षणातून निघालेला धातूचा सूक्ष्म कीस ऑइलमध्ये उतरतो. फिल्टर तो सगळाच अडवीत नाही. म्हणून पहिले ऑइल लवकर, बहुधा 50 तासांच्या सुमारास, फिल्टरसह बदलायचे असते. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत असतो. 'अजून चांगले आहे' म्हणत ते पुढे ढकलणे ही काटकसर नव्हे. कर्जाचे हप्ते फिटण्याआधीच इंजिन खोलण्याची ती तयारी होय.

अर्थात, अति जपणेही घातकच. तासन्‌तास रिकाम्या चालवलेल्या इंजिनात रिंगा नीट बसत नाहीत आणि पुढे ते ऑइल पिऊ लागते. मध्यम भार आणि कमीजास्त वेग, हाच मधला मार्ग.

नवखा विद्यार्थी वर्गात रुळतो, नवा शब्द भाषेत रुळतो. रुळायला अवधी लागतो, हे ज्या भाषेला ठाऊक आहे, तिच्या बोलणाऱ्यांनी यंत्राला मात्र तो नाकारावा, याचे नवल वाटते.