रिमोटचं विमान: आधी सरळ, मग गिरकी

सुट्टीत घरात रिमोटचं विमान आलं की पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना त्याची कोलांटी बघायची असते. मग बऱ्याचदा ते पिशवीत, तुकड्यांनी घरी येतं. विमान चांगलंच असतं, घाई नडते!

पहिलं विमान पंख वरच्या बाजूला असलेलं, फोमचं ट्रेनर घ्या. स्टिक सोडली की ते बऱ्यापैकी आपोआप सरळ होतं. मुलांना लढाऊ विमानाचं मॉडेल हवं असतं, पण त्याला थोडं थांबायला सांगा. काही दिवस कॉम्प्युटरवर सिम्युलेटर खेळा. तिथे कितीही वेळा आपटलं तरी खर्च शून्य.

मैदानावर सकाळी लवकर जा, तेव्हा वारा कमी असतो. उड्डाण वाऱ्याच्या दिशेला तोंड करून. पहिल्या दिवशी फक्त वर जायचं, थ्रॉटल कमी करायचं आणि विमान सरळ, एका उंचीवर ठेवायचं. उंची एवढी हवी की एक चूक झाली आणि ती सुधारताना दुसरी झाली, तरी जमीन लांबच राहील.

मग वळण. स्टिक हलकेच बाजूला न्या, विमान कललं की मध्ये आणा आणि एलिव्हेटर किंचित ओढा. कललेल्या पंखांची वर उचलणारी ताकद कमी पडते, म्हणून हे ओढणं. सरळ व्हायला उलट्या बाजूला हलकासा इशारा द्या. नवखे लोक स्टिक दाबूनच धरतात आणि विमान गोल फिरत खाली येतं.

खरी गंमत (आणि रडारड) पुढे आहे. विमान तुमच्याकडे तोंड करून येऊ लागलं की डावं-उजवं उलटं होतं. त्याचा डावा पंख तुम्हाला उजवीकडे दिसतो. हात गोंधळतात. अशा वेळी एकच लक्षात ठेवा: जो पंख खाली झुकलाय, त्याच बाजूला स्टिक न्या, जणू त्याला खालून टेकू देताय. याच्या सरावासाठी समोरच्या आकाशात आडवा इंग्रजी आठ काढा. दोन्ही बाजूंची वळणं एकदमच होतात. डोक्यावरून मात्र नेऊ नका.

उतरवण्याआधी उंचावर थ्रॉटल बंद करून एलिव्हेटर ओढून बघा. वेग संपला की नाक खाली पडतं. याला स्टॉल म्हणतात. स्टिक सोडा, थ्रॉटल द्या, विमान सावरतं. उतरताना घाबरून एलिव्हेटर ओढणाऱ्यांचं विमान नेमकं असंच पडतं, फक्त तेव्हा खाली जागा नसते. म्हणून आधी मैदानावरून कमी उंचीने नुसत्या फेऱ्या मारा.

कोलांटी? माझ्या मते सलग दहा वेळा विमान धड उतरल्यावर. भरपूर उंची, पूर्ण वेग, एलिव्हेटर हळू ओढा, माथ्यावर पोहोचलं की थ्रॉटल कमी.

जागा निवडताना डिजिटल स्कायचा नकाशा बघा. विमानतळ, विजेच्या तारा आणि गर्दी यांपासून लांब राहा. ट्रान्समीटरवर टायमर लावा. बॅटरी संपत आल्यावर नाही, त्याच्या बरंच आधी उतरायचं.